पाहुण्याची अर्धी शीळ

प्रिय लेकी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू कुठल्या तरी बंदरावर पाय मोकळे करत असशील. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुझ्या मनात येईलच. तुझं जहाज समुद्राच्या तळाशी तारा टाकतं, त्या तारांवरून निम्मं जग एकमेकांशी बोलतं, आणि त्याच जहाजावरून लावलेला तुझा फोन मात्र ऐन वाक्यात तुटतो. शिवाय फोन आला की तुझी लेक ठिणगी माझ्या गालाला गाल चिकटवून ऐकत असते, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. आणि खरं सांगू? फोनवर मी बोलायला लागले की तू 'हं, हं' करत तिकडे तुझी कामं उरकतेस. आयुष्यभर सभा घेतल्या आहेत मी. ऐकणारा कोण आणि नुसता हुंकार देणारा कोण, हे मला आवाजावरून कळतं. पत्रात तुला हुंकार देऊन सुटता येणार नाही.

विषय तोच आहे, पक्ष्याचा. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "आई, पक्षीबिक्षी काही नको. माझी वाट बघणारे घरात आधीच पुरेसे आहेत. त्यात आणखी एका जिवाची भर नको." पुढे काहीतरी म्हणत होतीस, तेवढ्यात फोन तुटला. आपल्या घराचा नियम तुला माहीत आहे. मोठ्यांपैकी एकाचाही विरोध असेल तर ठराव बारगळतो. पण तुझं बोलणं अर्धवट राहिलं होतं, आणि अर्धवट बोलण्यावर मी कुणाचं मत धरत नाही, म्हणून तुझं मत मी राखून ठेवलं. आता शांतपणे वाच. पक्षी घरात आला आहे. थांब, आरडाओरडा करू नकोस, शेजारी तुझा कॅप्टन उभा असेल. आपण तो पाळलेला नाही. तो पाहुणा आहे. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी तसं बोलणं झालं आहे. तू 'नाही' म्हणालीस तर तो परत जाईल, आणि तोवर त्याचं नावसुद्धा ठेवलेलं नाही. ठिणगी त्याला 'पाहुणा' म्हणते, जावईबापू 'पाहुणेबुवा' म्हणतात. तेव्हा दोन्ही बाजू ऐकून घे आणि मग मत दे.

सुरुवात नेहमीसारखी स्टुलापासून झाली. स्वयंपाकघरातलं तेच स्टूल, ज्याचा एक पाय आखूड आहे आणि ज्यावर उभी राहून तू सायकल मागितली होतीस. काय बोलली होतीस तेव्हा! मी विरोधात बोलायला उभी राहिले, अपघात, रहदारी, फुटलेले गुडघे सगळं मांडलं, आणि तू म्हणालीस, "मग तू कारखान्याच्या फाटकावर का उभी राहतेस? तिथे काय गाद्या टाकल्यात?" तुझे बाबा ओट्याला टेकून उभे होते. ते कधी स्टुलावर चढले नाहीत आणि कधी भाषण केलं नाही. त्यांनी फक्त एक बारीकशी शीळ घातली, मी विरोध मागे घेतला आणि ठराव मंजूर. त्या माणसाने माझ्यासारख्या बाईबरोबर जन्म काढला तो असा, मी तासभर बोलायचं आणि त्यांनी शेवटी शीळ घालायची.

तर परवापरवापर्यंत टेबलाएवढी असलेली तुझी लेक त्या स्टुलावर चढली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "मला कॉकाटील पाहिजे. कुत्रा नको, कारण तो पाय चाटतो पण उत्तर देत नाही. मासे नकोत, त्यांच्याशी काय बोलणार? मोठा पोपट नको, तो आजीसारखा ओरडतो. कॉकाटील म्हणजे तुऱ्याचा छोटा पोपट, खांद्यावर बसतो आणि उत्तर देतो. संपलं." एवढं बोलून ती खाली उतरली. जावईबापूंना हसू आवरेना. ते बिचारे दिवसभर दवाखान्यांसाठी कवळ्या बनवतात, तोंडातून शब्द निघत नाही. आमच्या घराचं वर्णन ते असं करतात की मी दात बनवतो आणि आई ते लोकांच्या घशात घालतात.

मी विरोधात उभी राहिले. राहणारच. ज्या कारखान्यात मी शिवणयंत्रावर बसले, तिथे पाळी सुरू झाली की बाहेरून कडी लागायची, हे तुला मी शंभरदा सांगितलं आहे. ती कडी काढायला लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बाईला लघवीला जायचं असेल तर दार ठोठावायचं आणि मुकादमाने उघडेपर्यंत थांबायचं! त्या यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायला शिकले तिथूनच माझं बोलणं सुरू झालं. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच हाताने, एका जिवावर बाहेरून कडी लावायची? मी जे बोलले ते आजही मागे घेणार नाही. आकाशाचं माप घेऊन जन्मलेल्या जिवाला आपण हातभर लांबीची जाळी देतो आणि वर त्याने गाणं म्हणावं अशी अपेक्षा ठेवतो. आपल्या करमणुकीसाठी दुसऱ्याचं आयुष्य अडवून ठेवणं ही गुलामीच, मग तिला लाड म्हणा नाहीतर प्रेम म्हणा. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या, पक्ष्याच्या बाजूने असूनसुद्धा. ठिणगी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, तू जिंकलीस. पण मला तो पाहिजेच आहे."

सभांमध्ये मी फार लोकांना गप्प केलं आहे, पण इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. जिंकल्यावरही समोरचा जागचा हलत नसेल तर त्याच्याकडे काहीतरी आहे जे आपण ऐकलेलं नाही, एवढं मला कळतं. माझी समजूत झाली की पोर एकटी पडली आहे. तिची आत्या येऊन गेली होती त्याच आठवड्यात. दारातच म्हणाली, "आई समुद्रावर, बाप कवळ्यांत, पोरीने बोलायचं कुणाशी?" मी तिला म्हटलं, "तुझा भाऊ समुद्रावर असता तर तू शेजारीपाजारी पेढे वाटत फिरली असतीस. माझी लेक गेली तर तुला पोरगी पोरकी दिसते?" पण तिचं वाक्य माझ्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं, हेही तुझ्यापासून लपवत नाही. उत्तर देणारं कुणीतरी हवं, असं ठिणगी म्हणत होती ना? मला वाटलं, ते स्वतःसाठीच हवंय तिला.

म्हणून तिला घेऊन मी प्राण्यांच्या दवाखान्यात गेले, निदान चौकशी तरी करू म्हणून. तिथली डॉक्टरीण म्हणजे माझ्याच जातकुळीची, आवाजाने आणि स्वभावानेही. एक कुटुंब दुसऱ्या देशी जाताना दोन कॉकाटील तिच्याकडे सोडून गेलं होतं. मी तिला कडीचं सगळं ऐकवलं. तिने मांजरीला इंजेक्शन देता देता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, हे पक्षी पिंजऱ्यात जन्मले, यांचे आईबाप पिंजऱ्यात जन्मले. खिडकी उघडून सोडलंत तर संध्याकाळपर्यंत कावळे फाडतील. तुमच्या तत्त्वासाठी त्याने मरायचं का?" मी म्हटलं, "मग गुलामी चालू ठेवायची?" ती म्हणाली, "दार उघडं ठेवा. घरात माणूस असेल तेव्हा पिंजऱ्याचं दार उघडं. त्याला पिंजरा झोपायला आणि खायला, बाकी घर त्याचं. जमत असेल तर न्या, नाहीतर पुतळ्यासमोर भाषण करा." मांजरसुद्धा माझ्याकडे बघून गुरगुरली. मला ती बाई फार आवडली, आणि उघड्या दाराच्या अटीवर मी ठराव अडवायचा नाही असं ठरवलं.

दोन पक्षी होते, दोन्ही नर. डॉक्टरीण म्हणाली शीळ शिकतात ते बहुतेक नरच, माद्या शांत असतात. हे ऐकून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पहिला देखणा, तोंड पिवळंधमक, गालावर केशरी टिकली, तुरा ताठ. आम्हाला बघताच त्याने कुठल्याशा जाहिरातीची धून सुरू केली, ती संपली की दुसरी, मग घंटा, मग पुन्हा जाहिरात. माझं त्याच्यावर मन बसलं. दुसरा राखाडी, तोंडावर पिवळा रंग नुकता दिसायला लागलेला, कोपऱ्यात बसलेला. ठिणगीने दोघांसमोर ओठांचा चंबू करून फुंकर मारली. तिला शीळ येत नाही, नुसती हवा येते, तू गेल्यापासून ती सराव करते आहे. पहिल्याचं गाणं चालूच राहिलं. दुसऱ्याने मान वाकडी केली, एक एक पाऊल टाकत दांडीच्या टोकाला आला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला. ठिणगी म्हणाली, "हा." मी म्हटलं, "अगं, पहिला किती हुशार आहे!" तर म्हणते कशी, "तो तुझ्यासारखा आहे आजी. छान बोलतो, पण दुसऱ्याचं ऐकत नाही. मला शिकणारा पाहिजे." डॉक्टरीण इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

तर असा हा पाहुणा आला. त्याच्यापायी घराचं काय झालं ते सांगते. न चिकटणाऱ्या तव्याचा धूर या पक्ष्यांच्या जिवावर बेततो म्हणून जावईबापूंनी तुझा आवडता तवा जिन्याखाली नेऊन ठेवला. पंख्याला दोरी बांधून ठेवली आहे, हा उडत असताना कुणी चुकून चालू करू नये म्हणून. त्याच्या अंगाची पांढरी भुकटी माझ्या सगळ्या पुस्तकांवर बसते. कामगार कायद्याच्या जाड पुस्तकाचा कोपरा त्याने कुरतडून काढला, तेव्हा मी म्हटलं, बरं केलंस, त्या कलमात दुरुस्ती व्हायलाच हवी होती. पिंजऱ्याची कडी मी पकडीने उपटून टाकली आहे. रात्री दाराला कापडाची फीत बांधतो, ती चोचीने ओढली तर सुटते. ओढत नाही तो भाग वेगळा. दाणे तर खातोच, पण पालेभाजी खायला लावणं म्हणजे तुला लहानपणी दूध पाजण्याइतकंच अवघड काम आहे. आणि हे सगळं ठिणगी करते. मला वाटलं होतं दोन दिवसांचं कौतुक असेल. शाळेत जाण्याआधी ट्रे धुते, पाणी बदलते, आणि विसरली तर रडत परत येते. हा जीव पंधरा-वीस वर्षं जगतो, हेही मी तिला बजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी मोठी होईपर्यंत. चालेल."

खरी पंचाईत माझी झाली. पहिल्याच दिवशी मी सभेसाठी भाषण म्हणून बघत होते, पहिल्या चढ्या वाक्याला त्याचा तुरा डोक्याला चिकटला आणि तो पडद्याच्या दांडीवर जाऊन थरथरत बसला. ठिणगीने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं. भल्याभल्यांना जे जमलं नाही ते त्या मूठभर पाखराने केलं, मला आवाज खाली आणायला लावला. हल्ली मी भाषणं मनातल्या मनात तयार करते. जावईबापू म्हणतात, आईंच्या आवाजाशिवाय घर सापडतच नाही, जिन्यात थांबून दार आपलंच ना म्हणून बघावं लागतं. पण गप्प बसलं की ऐकू येतं, हे मला या वयात कळलं. गेल्या आठवड्यात दुपारी मी वाचत बसले होते आणि आतल्या खोलीतून तुझा आवाज आला.

तो तू मागे पाठवलेला निरोप होता. जहाजाच्या डेकवरून केलेला, मागे वारा, "ठिणगे, झोपलीस का, हे घे," आणि मग तुझी शीळ. ती शीळ. जिन्याच्या तळाशी उभी राहून तू घालायचीस ती, शाळेतून येतानाही आणि नंतर जहाजावरून येतानाही. निरोप तिथेच संपतो, फोनचा 'टुंग' वाजतो. ठिणगी तो पुन्हा लावत होती, पुन्हा, पुन्हा, आणि पाहुणा तिच्या मनगटावर बसून मान वाकडी करून ऐकत होता. मी दारात उभी राहिले. आई आठवते म्हणून ऐकत असेल, या विचाराने माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी लाल झाली. "आजी, आईला सांगू नको हं," म्हणाली. "गंमत आहे. मागच्या वेळी आई आली तेव्हा तिने खालून शीळ घातलीच नाही. गुपचूप वर आली. मी जिन्यात तिची वाट बघत होते, मला माहीत आहे. तिने तोंड केलं होतं शीळ घालायला, आणि मग नाही घातली. कारण वरून आजोबा नाहीत ना उत्तर द्यायला. मला येत नाही, बाबांना येत नाही, तुला तर येतच नाही. मग उत्तर कोण देणार?"

पोरी, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. इतके दिवस मी, माझा विरोध, आत्याबाईंची कीव, सगळे समजत होतो की या मुलीला सोबत हवी आहे. तिला स्वतःसाठी काही नको होतं. घरी परतणाऱ्या आईला वरून उत्तर मिळावं म्हणून ती स्टुलावर चढली होती. तू म्हणालीस, वाट बघणारा आणखी एक जीव नको. तिने वाट बघणारा आणलेलाच नाही. तू निघालीस तेव्हा मी तुला जा म्हटलं होतं आणि आजही जाच म्हणते. बाईने काम सोडून घरी बसावं असं मी ना कारखान्याच्या फाटकावर बोलले ना तुझ्या बॅगेसमोर बोलेन. समुद्राच्या तळाशी तारा टाकणारी माझी मुलगी आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगते. पण जिन्याच्या तळाशी तू ओठ मिटून घेतलेस, हे मला तुझ्या लेकीने सांगावं लागलं. मी वरच होते. तेव्हाही काहीतरी बोलतच असणार.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल सकाळी ठिणगी शाळेत गेली होती आणि पाहुणा खिडकीत उन्हात बसला होता. त्याने पिसं झटकली, तुरा उभा केला आणि तुझी शीळ घातली. हुबेहूब. शेवटी न चुकता 'टुंग'सुद्धा केलं. मी हसले आणि मग बसून राहिले, कारण मला आमची चूक कळली. शिकवलेली शीळ ही तुझी आहे, खालून विचारणारी. वरून येणारी तुझ्या बाबांची असायची, तिचा शेवट वर चढायचा, आणि ती आमच्यापैकी कुणालाच येत नाही. मी गुणगुणून पाहिली, पाहुण्याने तुरा पाडला. जावईबापूंनी प्रयत्न केला, प्रेशर कुकर वाटला. बाबांची शीळ आता जगात फक्त तुझ्याकडे आहे. तुझं मत दे, विरोधात असेल तर तेही मी मान्य करीन आणि त्याला स्वतः परत नेऊन सोडीन. पण बाजूने असेल तर 'हो' लिहू नकोस. बंदरावर एखादी निवांत जागा बघ, वाऱ्याकडे पाठ कर, आणि त्यांचं उत्तर एकदा पूर्ण शीळ घालून पाठव. तुझ्या ओठांवर ती अजून आहे, मला माहीत आहे. आणि संपल्यावर लगेच फोन बंद करू नकोस, थोडं थांब, म्हणजे तो 'टुंग' शिकणार नाही. ती शाळेत असताना मीच ते पाहुण्याला ऐकवून शिकवीन, ठिणगीला यातलं काही सांगणार नाही, आश्चर्याने तिचं तोंड उघडं पडलेलं मला बघायचं आहे. मग तू सुट्टीवर येशील, जिन्याच्या तळाशी बॅग ठेवशील आणि शीळ घालशील. नक्की घाल. मी त्या वेळी एक शब्दही बोलणार नाही.

स्टुलावरून खाली उतरलेली,
तुझीच आई